नावांचा कागद

मोठ्या बाई : तसं नाही विचारायचं, मॅडम. माफ करा, पण "कपाट फोडलं गेलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?" या प्रश्नात कपाट फोडलं गेलं हे तुम्ही आधीच ठरवून टाकलंत. समोरच्याने फक्त पत्ता सांगायचा उरला. माझ्या एखाद्या मुलीने कुणाच्या दारात असं विचारलं असतं, तर मी तिला परत पहिल्या दिवसापासून शिकायला बसवलं असतं.

सर : मोठ्या बाई, मॅडम संघाच्या चौकशी समितीवर आहेत. जगभरच्या सर्वेक्षणवाल्यांचा संघ आहे तो. प्रश्न कसा विचारावा हे त्यांना कळतं.

मॅडम : नाही सर, त्या बरोबर बोलतायत. आणि प्रश्न माझा नव्हताच, तुमच्या पत्रातून उचलला मी. तुम्ही लिहिलंय की तुम्ही आमच्याच वार्षिक अधिवेशनासाठी परदेशी होतात, त्या आठवड्यात कुणीतरी ऑफिसातलं कपाट फोडलं आणि कारखान्याच्या सर्वेक्षणाचे नावांचे कागद नेले.

सर : तसंच झालं. मी परत आलो तर कुलूप तुटलेलं आणि कप्पा रिकामा. बाईंनाही तेच सांगायचंय.

मॅडम : त्यांना काय सांगायचंय ते त्या सांगतील. मला त्यांच्याशी एकटीने बोलावं लागेल. नियम आहे.

सर : जरूर. मी बाहेरच बसतो. मोठ्या बाई, मुलींचा विचार मनात असू द्या, एवढंच म्हणतो.

(सर बाहेर जातात. भिंतीवर संघाच्या सदस्यत्वाचं चौकटीतलं प्रमाणपत्र, त्याखाली लोखंडी कपाट. कपाटाला नवं कुलूप.)

मॅडम : आधी हे वाचून दाखवते. तुम्ही जे सांगाल ते गुप्त राहील. तुमचं नाव कुठेही जाणार नाही. अहवालात फक्त क्रमांक—

मोठ्या बाई : ते राहू द्या.

मॅडम : वाचावं लागतं, बाई. फॉर्मच्या वरच छापलंय.

मोठ्या बाई : मला सांगताय? बावीस वर्षं तेच वाचतेय. "तुमचं नाव कुठेही जाणार नाही. तुमची उत्तरं सगळ्यांच्या उत्तरांत मिसळून जातील." समोरचा जेवत असो, बायकोशी भांडत असो, आधी ते वाक्य. पाठ असलं तरी कागदावर बघून वाचायचं, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. माझ्या मुली झोपेत विचारलं तरी म्हणतील. मुली म्हणजे पोटच्या नव्हेत हो, कामावरच्या. सव्वीस जणी आहेत.

मॅडम : ठीक आहे, पुढे जाते. कारखान्याचं काम काय होतं, तुमच्या शब्दांत सांगा.

मोठ्या बाई : हा असा प्रश्न विचारायचा असतो. सांगते. गेल्या वर्षी कारखान्यात बॉयलर फुटला, तीन माणसं भाजून गेली. मग नवे मालक आले, वरचे साहेब मात्र जुनेच राहिले. म्हणाले, कामगारांच्या मनात काय आहे ते कळू द्या, म्हणजे सुधारणा करता येईल. काम आमच्याकडे आलं. कारखान्याच्या वसाहतीत दोनशे चाळीस घरं. घरटी एक फॉर्म. त्यात नववा प्रश्न होता, "स्फोटाआधी बॉयलर गळत होता हे वरच्या लोकांना माहीत होतं, असं तुम्हाला वाटतं का?" हो, नाही, सांगता येत नाही.

मॅडम : आणि नावं कुठे होती?

मोठ्या बाई : वेगळ्या कागदावर. उत्तरांचा फॉर्म वेगळा, नावांचा कागद वेगळा, दोन्हींवर एकच क्रमांक. दहातल्या एका घरी मी स्वतः परत जाते, आमची मुलगी खरंच आली होती का ते विचारायला. त्याला नाव-पत्ता लागतो. ती फेरतपासणी झाली की पंधरा दिवसांत नावांचे कागद फाडून टाकायचे. हा तुमच्या संघाचाच नियम. हिरव्या पुस्तकात आहे.

मॅडम : सरांनी दरवर्षी संघाला लिहून दिलंय की कागद फाडले जातात.

मोठ्या बाई : सरांना तसंच वाटत होतं. फाडायचं यंत्रही त्यांनी हौसेने आणलं. मी त्यात जुनी वर्तमानपत्रं घालायचे. आतल्या खोलीतून घरघर ऐकू आली की सर खूश.

मॅडम : आणि नावांचे कागद?

मोठ्या बाई : या कपाटात. अकरा वर्षांचे.

मॅडम : का, बाई?

मोठ्या बाई : अकरा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने आरोप केला की आमच्या मुलींनी उन्हात फिरण्याऐवजी झाडाखाली बसून स्वतःच फॉर्म भरले. आमच्या धंद्यात याहून वाईट शिवी नाही. तेव्हा मी नियमाने सगळे कागद फाडलेले होते. पुरावा काय दाखवणार? चार मुलींना काढलं. त्यातल्या तिघींचं मला सांगता येत नाही. चौथी शंभर टक्के खरी होती. मी तिच्या मागून गल्ली-गल्ली फिरले होते, तिच्या तळपायांचे फोड मी बघितले होते. पण फोड दाखवून कुणी ऐकतं का? ती जाताना माझ्याकडे बघत राहिली आणि मी नियमाचं पुस्तक हातात धरून उभी. त्या दिवसापासून एकही कागद फाडला नाही. माझ्या मुलींकडे परत कुणी बोट दाखवलं, तर त्याच्या तोंडावर फेकता यावेत म्हणून ठेवले.

मॅडम : आता त्या आठवड्याचं सांगा.

मोठ्या बाई : निकाल आधीच गेला होता. नवव्या प्रश्नाला शंभरातल्या त्र्याहत्तर जणांनी "हो" म्हटलेलं. सर तुमच्या अधिवेशनाला गेले. भाषण कशावर होतं त्यांचं, आठवतं?

मॅडम : उत्तर देणाऱ्यांची नावं गुप्त ठेवण्यावर.

मोठ्या बाई : मीच टाइप केलं होतं. चांगलं होतं भाषण. तर सर तिकडे, आणि इकडे कारखान्याचे एक साहेब आले. तुम्ही बसलाय त्याच खुर्चीवर बसले. शांतपणे म्हणाले, इतकी माणसं असं म्हणणं शक्यच नाही, तुमच्या मुलींनी घरी बसून भरलेत हे फॉर्म. पैसे घ्या आणि विषय संपवा, असाही त्यांचा सूर नव्हता. नुसतं हसले. त्या हसण्याने माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मॅडम : आणि त्यांनी नावांचे कागद मागितले.

मोठ्या बाई : परत तेच करताय, मॅडम. उत्तर माझ्या तोंडात घालू नका. त्यांनी नाही मागितले. हे नीट लिहून घ्या. त्यांना तर असे कागद असतात हेही ठाऊक नसावं. मी आपणहून उठले, किल्ली लावली, कप्प्यातला गठ्ठा काढला आणि त्यांच्यासमोर आपटला. म्हटलं, ही घ्या नावं, हे घ्या पत्ते, जा एकेका दारात आणि विचारा आमची मुलगी आली होती की नाही.

मॅडम : म्हणजे कपाट फोडलं गेलं नाही.

मोठ्या बाई : कुलूप फोडलं. ते सरांनी, परत आल्यावर. मी त्यांना सगळं सांगितलं, तर डोकं धरून बसले. मग शेजारच्या दुकानातून हातोडी मागून आणली. सवय नाही हो त्यांना, पाच-सहा घाव फुकट गेले. हातोडी परत देताना दुकानदाराचे आभारही मानून आले.

मॅडम : त्या साहेबांनी गठ्ठ्याचं काय केलं?

मोठ्या बाई : वरची दोन पानं वाचली. मग एकदम मवाळ झाले. पाणी मागितलं, सावकाश प्यायले. म्हणाले, बाई, तुमच्यासारखी कामाला चोख माणसं आता उरली नाहीत, मी हे घेऊन जातो आणि मालकांची खात्री पटवतो. आणि मी, मॅडम, त्या दिवशी मान ताठ करून घरी गेले. अकरा वर्षांचं ओझं उतरलं असं वाटत होतं. दारात चपला काढताना लक्षात आलं. एक चप्पल काढली, दुसरी पायातच राहिली.

मॅडम : काय लक्षात आलं?

मोठ्या बाई : उत्तरांचे फॉर्म त्यांच्याकडे आधीच गेले होते, क्रमांकांसकट. आता नावांचे कागदही गेले, त्याच क्रमांकांसकट. दोन कागद शेजारी ठेवले की झालं. फोन केला तर म्हणाले, निश्चिंत राहा. तिसऱ्या आठवड्यात एक्केचाळीस माणसांना घरी बसवलं. पत्रात लिहिलं, कामात कसूर. आठ दिवसांत वसाहतीतलं घर रिकामं करा.

मॅडम : पण "हो" म्हणणारे तर पावणेदोनशे होते.

मोठ्या बाई : सगळ्यांना काढलं असतं तर कारखाना कुणी चालवला असता? फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न असतो, "आणखी काही सांगायचंय?" बहुतेक लोक नाही म्हणतात आणि दार लावतात. ज्यांनी सांगितलं, भरभरून सांगितलं, ते हे एक्केचाळीस. आणि मुलींना शिकवलंय कुणी, की शेवटच्या प्रश्नाला घाई करू नका, थांबा, माणूस बोलतो? मी. ज्या मुली जीव ओतून काम करतात, त्यांच्याच घरांवर गदा आली. आळशी मुलींची माणसं वाचली.

मॅडम : त्यातले कारखान्याच्या पंपावरचे एक जण जिवानिशी गेले, असं सरांच्या पत्रात आहे.

मोठ्या बाई : माझ्या सगळ्यात लहान मुलीने भरला होता त्यांचा फॉर्म. ते बोलायला तयार नव्हते. तिने वरचं वाक्य दोनदा वाचून दाखवलं, तेव्हा बसले. घराची किल्ली त्यांनी ऑफिसात जमा केली, पावती घेतली, ती बायकोकडे दिली आणि कारखान्यामागच्या तळ्याकडे गेले. ती मुलगी येते रोज कामावर. फॉर्म हातात दिला की घेते, आणि आहे तिथेच बसून राहते.

मॅडम : थोडं थांबूया का?

मोठ्या बाई : नको. थांबले तर पुढचं राहील. एकशे बारा नंबरचं घर कुणाचं, ते तुमच्याकडे असेल?

मॅडम : आमच्याकडे कुठलीच नावं नाहीत.

मोठ्या बाई : माझ्या भावाचं. सख्खा, मोठा. बॉयलरवर फिटर होता, एकोणतीस वर्षं.

मॅडम : नातेवाइकांचा फॉर्म आपण भरायचा नसतो, बाई.

मोठ्या बाई : तेही पुस्तकात आहे. आमची मुलगी दोनदा गेली, दादाने दार लावून घेतलं. दोनशे एकोणचाळीस झाली आणि हे एक घर अडलं. मला अर्धवट काम बघवत नाही, ही माझी खोड. मी गेले. दादा म्हणाला, "चिमे, मला यात ओढू नकोस." मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का? मग बहीण म्हणून नाही, रीतसर, कागद समोर धरून, वाक्य वाचलं. तो हसला. म्हणाला, "अगं, तू तर परक्यासारखी वाचतेस." आणि मग बोलला. गळतीची तक्रार त्याने तीनदा वर दिली होती, तारखांसकट सांगितलं. शेवटच्या प्रश्नाला तर फॉर्ममध्ये जागा पुरेना, मी कडेच्या कोऱ्या पट्टीत लिहीत गेले. दोनशे चाळीस फॉर्ममध्ये इतका सुरेख फॉर्म दुसरा नव्हता.

मॅडम : आता कुठे असतात ते?

मोठ्या बाई : माझ्या घरी. माझ्या दोन खोल्या, त्यातली बाहेरची दादा-वहिनीला दिलीय. हाताला काम नाही. आला त्या आठवड्यात गळका नळ, खुर्चीचा पाय, खिडकीची कडी, सगळं दुरुस्त करून टाकलं. आता बिघडलेलं काही उरलं नाही. मग भिंतीवरचं घड्याळ उतरवतो, उघडतो आणि परत बसवतो. चांगलं चालणारं घड्याळ, मॅडम.

मॅडम : त्यांना काय माहीत आहे?

मोठ्या बाई : कपाट फोडलं. सरांनीच भेटून सांगितलं त्याला. रोज चहा घेताना मलाच समजावतो, "चिमे, चोराने कपाट फोडलं, त्याला तू काय करणार? तू खाऊन घे." वहिनी मात्र माझ्या ताटात वाढताना नजर वर उचलत नाही. तिला कळलंय असं मला कधीकधी वाटतं.

मॅडम : बाई, आता मी तुम्हाला एक स्पष्ट सांगते. कागद चोरीला गेले असं ठरलं, तर संघाकडून संस्थेला ताकीद मिळेल, कुलपं नीट लावा म्हणून. कागद दिले गेले असं ठरलं, तर सदस्यत्व जाईल.

मोठ्या बाई : आणि सदस्यत्व नसेल तर मोठी कामं कुणी देत नाही. म्हणजे संस्था बंद.

मॅडम : बहुतेक.

मोठ्या बाई : आणि त्या एक्केचाळीस जणांचं?

मॅडम : आम्ही कारखान्याला निषेधाचं पत्र पाठवू. कारखाना आमचा सदस्य नाही, त्याने उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

मोठ्या बाई : म्हणजे तुमच्या हातात काय आहे?

मॅडम : यादीतून नाव काढणं.

मोठ्या बाई : बरं.

मॅडम : मला लाज वाटते हे सांगताना. ही माझी नववी चौकशी. आधीच्या आठपैकी सात ठिकाणी कपाट फोडलेलं निघालं.

मोठ्या बाई : आणि सातही ठिकाणी तुम्ही तसं लिहून घेतलंत?

मॅडम : घेतलं. लोक सांगतात ते लिहायचं, आपलं कामच ते. तुटलेलं कुलूप आजही मला सरांनी दाखवलं, पिशवीत जपून ठेवलंय. अजून तुमची सही झालेली नाही, बाई. इथपर्यंतचं पान मी फाडू शकते. एवढंच सांगते, जास्त सांगता येत नाही.

मोठ्या बाई : तुम्ही चांगल्या आहात. पण पान फाडू नका. फाडायच्या वेळी फाडलं नाही, म्हणून तर इथवर आलो. सरांना बोलवा आत.

मॅडम : सर, येता का?

सर : झालं? बराच वेळ लागला. मोठ्या बाई, कपाटाचं सांगितलंत ना?

मोठ्या बाई : सांगितलं, सर. हातोडीचंही सांगितलं.

सर : बाई, काय केलंत हे? मी ते कुलूप स्वतःसाठी तोडलं का?

मोठ्या बाई : माझ्यासाठी तोडलंत. विसरणार नाही मी.

सर : मग? हे बघा, मी साठीला आलो, माझं काय व्हायचं ते होवो. पण सव्वीस जणी आहेत. निम्म्या जणींच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. उद्या त्यांच्यासमोर तुम्ही उभ्या राहणार आहात का मी?

मोठ्या बाई : मी राहीन. एकेकीला मीच घेतलंय, मीच सांगेन. पण सर, तुम्ही दारात जात नाही, मी जाते. परवा चार गल्ल्या केल्या. एकशे वीस दारं वाजवली, नऊ उघडली. एका बाईने तर आतूनच विचारलं, पंपवाल्यांकडे आलेली ती तुमचीच माणसं का? काय सांगायचं होतं तिला?

सर : लोक विसरतात, बाई. वर्ष-सहा महिन्यांत विसरतील.

मोठ्या बाई : विसरतील. मग आपल्या मुली परत त्याच दारात उभ्या राहून तेच वाक्य वाचतील. आणि लोक परत बसून सांगतील, सर. माझा दादा शहाणा माणूस आहे, तोही बसला.

सर : त्यांना कळलं तर? तो विचार केलात? आज ते तुमच्या घरात तुम्हाला धीर देतायत. उद्या त्याच घरात तुम्ही तिघं कसे राहणार?

मोठ्या बाई : माहीत नाही. रोज सकाळी मला धीर देतो ना, तेच सहन होत नाही आता. माझ्याच्याने तो चहा गिळवत नाही. मॅडम, सही कुठे करू?

मॅडम : इथे, खाली. नाव नको, नुसता क्रमांक लिहा. साक्षीदाराचं नाव आम्ही घेत नाही.

मोठ्या बाई : मी नाव लिहिणार.

मॅडम : नियमात बसत नाही ते.

मोठ्या बाई : एक्केचाळीस जणांची नावं गेली, ती कुठे नियमात बसत होती? लिहू द्या. हे घ्या, पूर्ण लिहिलंय. अक्षर वाचता येतं ना?

मॅडम : येतं.

सर : मोठ्या बाई, मी... मी मुलींना सांगताना तुमच्याबरोबर थांबेन.

मोठ्या बाई : थांबा, सर. बरं वाटेल. आणि मॅडम, याची एक प्रत मिळेल का मला?

मॅडम : मागितली तर द्यावी लागते. पण कशाला हवी?

मोठ्या बाई : घरी न्यायला. महिनाभर रोज ठरवते, आज दादाला सांगायचं. समोर बसते, तोंड उघडते आणि भलतंच निघतं, "दादा, उशी बदलून देऊ का?" मनाने बोलायला मला जमत नाही हो. पण लिहिलेलं हातात असलं की वाचता येतं. बावीस वर्षं तेच केलंय.

मॅडम : पूर्ण वाचणार आहात?

मोठ्या बाई : पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द इकडचा तिकडे न करता. फक्त वर छापलेलं ते पहिलं वाक्य तेवढं खोडून द्या. ते त्याला एकदा वाचून दाखवलंय मी.